बव्हेरियातलं मध्यम शहर जायच्या आधी नकाशावर कसं समजून घ्यायचं, इंगोलश्टाट धरून

आपल्याकडची पोरं इंजिनिअरिंग झालं की जर्मनी जर्मनी करायलेत, आणि म्युनिकला अॅडमिशन नाही मिळाली की तोंड पाडून बसतात, म्हणे इंगोलश्टाट मिळालं, ते कुठंय कुणाला माहीत. अरे आधी नकाशा तर उघडा. लोकसंख्या बघून गाव जोखू नका, हे 1 लाख 40 हजाराच्या आसपासचं, म्हणजे आपल्या बीडएवढं, पण बव्हेरियात (जर्मनीचं दक्षिणेकडचं राज्य) पाचव्या नंबरचं आहे.

सगळ्यात आधी नदी शोधा. डॅन्यूब (तिकडं डोनाऊ म्हणतात) पश्चिमेकडून पूर्वेला जाते, जुनं गाव तिच्या उत्तर काठावर आणि मेन स्टेशन पार दक्षिणेला, म्हणून रूमच्या जाहिरातीत "स्टेशनजवळ" लिहिलेलं दिसलं की कोणतं स्टेशन ते विचारा, कारण नॉर्डबानहोफ (उत्तरेचं स्टेशन) वेगळं आणि 2019 पासून ऑडीच्या कारखान्याला पण स्वतःचं स्टेशन आहे.

मग रस्ते आणि रूळ बघा. दक्षिणेला 80 किलोमीटरवर म्युनिक, उत्तरेला साधारण 90 वर न्युर्नबर्ग, आणि गाव बरोबर त्या रेषेवर बसलंय, ए-नऊ हायवे पण तिथूनच. 2006 ला फास्ट लाइन सुरू झाली, न्युर्नबर्गच्या बाजूला गाडी ताशी 300 नं पळते. पण डॉइचलांड तिकिटावर (महिन्याचा पास) आयसीई (तिकडची फास्ट गाडी) चालत नाही, रीजनल गाडीच धरायची.

आता खरी गोची, कारभार. बव्हेरियात 7 विभाग, 71 जिल्हे आणि 25 शहरं अशी की जी कुठल्याच जिल्ह्यात नाहीत. आपल्याकडं बीड शहर बीड जिल्ह्यातच असतं ना, तिकडं तसं नाही, इंगोलश्टाट स्वतःच जिल्ह्याच्या तोडीचं. आयखश्टेट, नॉयबुर्ग-श्रोबेनहाउझेन आणि पफाफेनहोफेन हे तीन जिल्हे त्याच्या भोवती, चौघं मिळून नियोजनाचा एक प्रदेश होतो. तुम्हाला काय फरक पडतो? लई पडतो. भाडं परवडतं म्हणून गाइमर्सहाइमला रूम घेतली, ऑडी शेजारीच, पण ते गाव आयखश्टेट जिल्ह्यातलं, मग व्हिसाचे कागद शहराच्या ऑफिसात नाही तर त्या जिल्ह्याच्या ऑफिसात. मांखिंग पण तसंच, एअरबसचं डिफेन्सचं काम तिथं चालतं पण जिल्हा पफाफेनहोफेन. म्हणून अॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी पत्ता कुठल्या हद्दीत येतो ते बघाच, आणि राहायला गेल्यावर दोन आठवड्यात नोंदणी करायची असते. हां, जून 2024 च्या पुरात पफाफेनहोफेन जिल्ह्याला चांगलाच फटका बसला होता, तिकडं तळमजला घेत असाल तर घरमालकाला पाण्याचं विचारून घ्या.

कामधंद्याचं बघायचं तर ऑडीचं मुख्यालय इथंच, कंपनी 1949 पासून या गावात, आणि आजूबाजूच्या तिन्ही जिल्ह्यातून लोक रोज कामाला येतात. आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला ज्या ऑडीच्या गाड्या जोडतात, तिचं मुख्य घर हेच. तेलशुद्धीकरणाचे कारखाने पण आहेत, समुद्र नाही तर तेल कुठून असं वाटेल, तर इटलीतल्या ट्रिएस्ट बंदरापासून आल्प्स ओलांडून पाइपलाइन येते. 1994 ला सुरू झालेली टेक्निकल होखशूल (तिथलं इंजिनिअरिंगचं विद्यापीठ) म्हणूनच गाड्यांच्या विषयांवर भर देते. माझं मत विचाराल तर एकाच मोठ्या कंपनीवर टेकलेल्या गावात मंदी आली की इंटर्नशिप पटकन आटतात, त्यामुळे सप्लायर कंपन्यांची यादी आधीच काढून ठेवा आणि जर्मन भाषा बी-1 लेव्हलपर्यंत इथूनच करून जा, छोट्या सप्लायरकडं इंग्रजीवर फार दिवस निभत नाही.

रेगन्सबुर्ग किंवा वुर्त्सबुर्ग मिळालं असेल तरी हाच क्रम लावा, नदी, रूळ, हद्द, मग नोकऱ्या. आणि तिथं पोचल्यावर पार्किंगमधल्या नंबर प्लेटा बघा, आयएन म्हणजे शहर, ईआय आयखश्टेट, एनडी नॉयबुर्ग, पीएएफ पफाफेनहोफेन, कामाला कुठून कुठून माणसं येतात ते अर्ध्या तासात कळतं.