थांब्यावरची सावली: मे महिन्यात खडू घेऊन जा

एसटीत वाहक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे माझा हिशोब उभ्या प्रवाशाचा. झाडं किती लावली ते सांगू नका भो, साडेतीनच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर सावली आहे का, ते सांगा.

आपलं जळगाव-भुसावळ २१ अंश अक्षांशावर. मेअखेरीस भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो नि भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच आटते. म्हणजे बाराला वर छत्र हवं, चारला पश्चिमेकडून आडोसा. म्हणून मे महिन्यातच थांब्यावर जा, बारा, दोन आणि चारला सावलीच्या कडा खडूनं आखा. चारचं ऊन जिकडून बाकड्यावर येतं, तिकडे खड्ड्याची खूण करा. दक्षिणोत्तर रस्ता असेल तर पश्चिमेची कड आधी धरा. दुपारनंतर तिथली सावली डांबरावर पडते. महामार्गासारख्या पूर्व-पश्चिम रस्त्याला दोन्हीकडे रुंद डेरेदार झाडं लागतात.

झाड कोणतं? कडुनिंब, नाहीतर करंज. दोघांची पानगळ मे यायच्या आत उरकते, ऐन उन्हात पालवी असते. गुलमोहर फोटोला छान, पण तेव्हा त्याची सावली विरळ आणि वादळी वाऱ्यात फांदी मोडते. वर विजेच्या तारा असतील तर करंजच घ्या.

पहिला चांगला पाऊस झाला की पुरुषभर उंचीचं रोप लावा, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. बकऱ्या सोडत नाहीत. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवतात, ते मला बघवत नाही. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच असं काँक्रीट काढायला लावलं होतं. आळ्यात केळीची वाळली पानं नि चिरलेले खांब पसरा, शेजारी भोकाचा माठ पुरा. उन्हाळ्यात टँकरनं डांबरावर पाणी मारतात, ते घटकेत उडून जातं. तेच माठात ओता.

झाड वाढेपर्यंत शेड थंड करा. पत्र्याला मार्चच्या आत चुन्याचे दोन हात द्या, खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा, म्हणजे तापला पत्रा डोक्यावर आग ओकणार नाही. स्टीलच्या बाकावर लाकडी पट्ट्या ठोका.

आणि शहरात जुन्या झाडाची फांदी आड आली म्हणून परस्पर कुऱ्हाड चालवू नका. १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज पालिकेत द्यायचा.