घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह गिटार-ॲम्पमधला हम कसा शोधावा

घरी बांधलेला व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) ॲम्प पहिल्यांदा सुरू केल्यावर गिटारच्या सुराआधी बहुधा हम, म्हणजे विजेचा सतत घुमणारा आवाज, ऐकू येतो, आणि तो ऐकताच बहुतेक जण पॉवर सप्लायमधले कपॅसिटर मोठे करायला घेतात. या उपायाने कधी गुण येतो, पण बऱ्याचदा पैसे आणि संध्याकाळ दोन्ही जातात, कारण हम ॲम्पमध्ये शिरण्याच्या वाटा अनेक आहेत आणि कपॅसिटर त्यांपैकी एकच वाट बंद करतो. हम ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून थेट हवेत येऊ शकतो, पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (स्पीकरला सिग्नल देणाऱ्या) उतरू शकतो, हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) एसीतून व्हॉल्व्हमध्ये जाऊ शकतो किंवा सप्लायच्या रिपलमधून (डीसीत उरलेल्या चढउतारातून) आणि चुकीच्या ग्राउंडिंगमधून येऊ शकतो. कोणती वाट आहे हे ठरेपर्यंत सोल्डरचा एकही डाग उसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या चॅम्पचे ५एफ१ हे सर्किट घेऊ. एक १२एएक्स७ (सिग्नल आधी वाढवणारा, आत दोन भाग असलेला व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा) आणि रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा, म्हणून एक ५वाय३, एवढ्यावर सुमारे ५ वॅट देणारे हे सर्किट सुटे भाग कमी असल्यामुळे नवशिक्यांचे आवडते आहे. मात्र ते सिंगल-एंडेड आहे, म्हणजे पुश-पुल ॲम्पमध्ये दोन व्हॉल्व्हमुळे रिपल बऱ्याच अंशी आपोआप कटतो ती सोय येथे नाही. शिवाय ते अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी आखलेले आहे आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे. या फरकाचे परिणाम पुढे दोन ठिकाणी दिसतील.

काम सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेचे पाहावे. या ॲम्पमध्ये ३०० व्होल्टहून अधिक डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकते. म्हणून आत हात घालण्याआधी प्रत्येक फिल्टर कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून, इन्सुलेटेड क्लिप वापरून दहा सेकंद डिस्चार्ज करावा आणि मीटरने खात्री करून घ्यावी. व्हॉल्व्ह काढणे-घालणेही वीज बंद करूनच करावे. हम जातो का हे पाहण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची वायर कोणत्याही परिस्थितीत सोडवू नये, कारण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले तर गिटारच्या तारांवर मेनचा दाब येईल आणि त्या तारा तुमच्या हातात असतील.

पहिली परीक्षा कानाची आहे. हीटर, चुंबकीय गळती आणि बाहेरून येणारा हम मुख्यतः ५० हर्ट्झचा असतो, तर फुल-वेव्ह रेक्टिफायरचा रिपल १०० हर्ट्झचा असतो. गिटारच्या सर्वांत जाड तारेवरचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झचा, म्हणजे जी, असतो. ॲम्पमधला आवाज या सुराच्या किंचित वर बसला तर तो १०० हर्ट्झचा आहे आणि त्याच्या खालच्या सप्तकात बसला तर ५० चा. लहान स्पीकरमधून ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही आणि कान फसतो, त्यामुळे फोनवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपची मदत घ्यावी. पोतही ऐकावा. गोल, मऊ आवाज बहुधा हीटरचा किंवा चुंबकीय असतो, तर धारदार, झणझणीत आवाज रेक्टिफायरच्या चार्जिंग पल्स (कपॅसिटर भरणारे करंटचे झटके) ग्राउंडमध्ये शिरल्याची खूण असते.

दुसरी परीक्षा व्हॉल्व्ह काढण्याची आहे आणि ती सर्वांत अधिक सांगून जाते. ५वाय३ काढून ॲम्प सुरू करावा. आता हाय-टेन्शन (व्हॉल्व्हना लागणारे उच्च व्होल्टेजचे डीसी) नाही, त्यामुळे कोणताही व्हॉल्व्ह काम करू शकत नाही. तरीही स्पीकरमधून हम आला तर तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये चुंबकीय मार्गानेच आलेला आहे. स्पीकर शांत असून पेटी मात्र घुमत असेल तर ट्रान्सफॉर्मरचे लोखंडच बोलते आहे. दोन्ही शांत असतील तर ५वाय३ परत घालून फक्त १२एएक्स७ काढावा. यावेळी हम आला तर दोष ६व्ही६, त्याचा हीटर, सप्लाय किंवा ग्राउंड यांत आहे. १२एएक्स७ घातल्यावर, व्हॉल्यूम शून्यावर असतानाच हम सुरू झाला तर या व्हॉल्व्हचा दुसरा भाग पाहावा आणि व्हॉल्यूमबरोबर हम वाढत गेला तर पहिला भाग व इनपुट जॅक पाहावा, कारण या सर्किटमध्ये व्हॉल्यूम दोन्ही भागांच्या मधोमध आहे. या सर्व चाचण्यांत स्पीकर जोडलेलाच असावा. लोड नसताना सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

लोखंडच घुमत असेल तर कारण बहुधा दोहोंपैकी एक असते: स्टॅम्पिंग (कोअरचे लोखंडी पत्रे) सैल आहे किंवा कोअरमध्ये फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) गरजेपेक्षा जास्त आहे. सैलपणावर उपाय सोपा आहे. चारही बोल्ट समान आवळावेत, चॅसिस आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये रबरी वॉशर द्यावेत आणि चॅसिसचा पत्रा फार पातळ असल्यास ट्रान्सफॉर्मरखाली जाड पट्टी घालावी, कारण पातळ पत्रा आवाज मोठा करतो. एवढ्याने भागले नाही तर वाइंडरकडून ट्रान्सफॉर्मर वार्निशमध्ये बुडवून, भट्टीत वाळवून घ्यावा. वरून ब्रशने लावलेले वार्निश आतल्या पत्र्यांपर्यंत पोहोचत नाही.

फ्लक्सचा प्रश्न मात्र बोल्ट आवळून सुटत नाही, आणि आपल्याकडे खरी गोम इथेच असते. कोअरमधला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी या प्रमाणात वाढतो. म्हणून केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर स्टेप-डाउन लावून आपल्या विजेवर चालवला तर व्होल्टेज बरोबर असूनही फ्लक्स २० टक्के जास्त होतो. तो घुमतो आणि तापतो. परदेशातून मागवताना त्यावर ५०/६० हर्ट्झ लिहिलेले आहे ना, हे पाहावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ओळखीच्या वाइंडरकडून करून घ्यायचा असेल तर टर्न्स पर व्होल्टबद्दल आधी बोलावे. ५० हर्ट्झला १ टेस्ला फ्लक्स ठेवायचा तर ४५ भागिले कोअरचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, हे सूत्र येते. १० चौरस सेंटिमीटरच्या कोअरला व्होल्टमागे ४.५ वेढे होतात. तांबे वाचवण्यासाठी तेच ३ वेढ्यांवर आणले तर फ्लक्स १.५ टेस्ला होतो, आणि रात्री उशिरा लाइन २४५-२५० व्होल्टपर्यंत चढली की साधे स्टॅम्पिंग सॅच्युरेशनकडे (फ्लक्स पेलण्याच्या मर्यादेकडे) झुकून ट्रान्सफॉर्मर घुमू लागतो. १ ते १.२ टेस्ला मागावा आणि प्रायमरीला २५० व्होल्टचा जादा टॅपही सांगावा. खर्च थोडाच वाढतो.

ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि लवकर तापतोही, तर आतले वेढे शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी. सगळ्या सेकंडरी सोडवून, टोके इन्सुलेट करून प्रायमरी सिरीज बोर्डवर ४० ते ६० वॅटच्या फिलामेंटच्या बल्बमधून जोडावी. चांगल्या ट्रान्सफॉर्मरला बल्ब जवळजवळ विझलेला राहतो आणि शॉर्ट असलेल्याला उजळतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

चुंबकीय हमवर कपॅसिटरचा काहीही इलाज नाही. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांपासून लांब, चॅसिसच्या दोन टोकांना आणि त्यांच्या कॉइलचे अक्ष काटकोनात येतील असे बसवावेत. सर्वांत चांगली पद्धत भोके पाडण्याआधीची आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला वीज द्यावी, बाकी टोके टेपने बंद करावीत, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडावा आणि हा ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवत हम जिथे नाहीसा होतो ती जागा पेन्सिलने आखून घ्यावी. ज्यांचा ॲम्प आधीच बांधून झाला आहे त्यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून, वायर पुरतील तेवढा फिरवून हीच परीक्षा करावी, अर्थात ५वाय३ काढलेला असतानाच.

हीटरचा हम ओळखण्याची खात्रीची युक्ती म्हणजे ६ व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी. ६.३ व्होल्टचे वाइंडिंग सोडवून हीटर बॅटरीवर चालवावेत आणि बॅटरीचे ऋण टोक ग्राउंडला जोडावे. १२एएक्स७ आणि ६व्ही६ मिळून पाऊण अँपिअरच घेतात. हम गेला तर गुन्हेगार सापडला. जुन्या अनेक आराखड्यांत हीटरचे एक टोक थेट चॅसिसला जोडलेले असते. ते सोडवून दोन्ही वायर घट्ट पिळून, चॅसिसच्या कोपऱ्यातून, ग्रिडच्या (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो त्या टोकाच्या) वायरपासून दूर न्याव्यात. वाइंडिंगला सेंटर टॅप (मधून काढलेले टोक) नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहमचे रेझिस्टर एका बिंदूवर आणून त्यालाच मध्य मानावे. हा मध्य ग्राउंडला न जोडता ६व्ही६ च्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) जोडला तर हीटर सुमारे २० व्होल्टने वर उचलला जातो आणि हीटरकडून कॅथोडकडे होणारी गळती घटते. चार डागांच्या या कामाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कोणत्या स्वस्त उपायाने पडत असेल असे मला वाटत नाही. तरीही हम राहिला तर १२एएक्स७ बदलून पाहावा.

आता कपॅसिटर. ५एफ१ मध्ये पहिला १६ मायक्रोफॅरडचा आणि पुढचे दोन ८-८ चे आहेत. ५० मिलिअँपिअरला १६ मायक्रोफॅरडवरचा रिपल ढोबळ हिशेबाने ६० हर्ट्झला २६ व्होल्ट, तर ५० हर्ट्झला ३१ व्होल्ट येतो. पण पहिला कपॅसिटर फार मोठा केला तर ५वाय३ वर चार्जिंग करंटचा ताण पडतो. २२ पुरे. शिवाय पेंटोड आणि ६व्ही६ सारख्या बीम व्हॉल्व्हमध्ये प्लेटपेक्षा (आउटपुटच्या टोकापेक्षा) स्क्रीनवरचा (दुसऱ्या ग्रिडवरचा) रिपल अधिक जाचक असतो, म्हणून १० किलोओहमच्या रेझिस्टरनंतरचा, स्क्रीनला पुरवठा करणारा ८ चा कपॅसिटर २२ चा करावा. तिथला रिपल जवळजवळ एकतृतीयांश होतो. सर्व कपॅसिटर ४५० व्होल्टचे किंवा त्याहून वरचे घ्यावेत.

झणझणीत आवाज असेल तर हाय-टेन्शन वाइंडिंगच्या सेंटर टॅपची वायर शोधावी. ती चॅसिसवरच्या जवळच्या बोल्टला नव्हे, तर थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकाला जायला हवी, म्हणजे चार्जिंग पल्स तेवढ्याच फेऱ्यात फिरतात. तिथून पुढे ग्राउंडची एक वायर सर्किटच्या क्रमाने इनपुटपर्यंत न्यावी आणि चॅसिसला एकाच जागी जोडावी. इनपुट जॅक प्लॅस्टिकचा असावा, नाहीतर तो नकळत दुसरी जोडणी करून देतो. मेनच्या अर्थिंगचा बोल्ट मात्र स्वतंत्र असावा.

फक्त गिटार जोडल्यावरच आवाज येत असेल तर ॲम्प उघडू नये. ॲम्प बंद केल्यावरही व्हॉल्व्ह काही क्षण चालू राहतात, आणि त्या क्षणांतही हम येत राहिला तर तो बाहेरचा आहे. गिटार हातात धरून जागच्या जागी वळल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर सिंगल-कॉइल पिकअप खोलीतले क्षेत्र पकडत आहे. अशा वेळी आधी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण वेगावर किंवा बंद करून पाहावे.