बॉर्डर पॉलिसीवर अभ्यास सुरू करताय? भांडण नक्की कुणाचं ते आधी बघा

पब्लिक पॉलिसीला नवीन आलेले बरेच जण विचारतात, शेजारी देश, बॉर्डर, घुसखोरी यावर डेझर्टेशन करायचंय, सुरुवात कुठून करू? माझा विषय भारत-बांगलादेश सीमा होता, त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आधी "भारताच्या सीमा" असला अगडबंब विषय घेऊ नका. प्रत्येक सीमेचं गणित वेगळं. नेपाळशी १९५० चा करार आहे, लोक व्हिसाशिवाय ये-जा करतात, तिथे एसएसबी (सशस्त्र सीमा बल) असते. म्यानमारकडे आसाम रायफल्स, बांगलादेशकडे बीएसएफ (सीमा सुरक्षा दल). एकीचा नियम दुसरीला लावून वाद घातला की व्हायवाला पहिल्याच प्रश्नात विकेट जाते.

आता मुद्द्याचं. आपण समजतो वाद दोन देशांचा असतो, पण कागद वाचत गेलं की दिसतं खरी खेचाखेची बऱ्याचदा आपल्याच घरात, म्हणजे दिल्ली आणि सीमेवरच्या राज्यांमध्ये चाललेली असते. २०११ मध्ये बांगलादेशशी तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार जवळपास ठरला होता, पश्चिम बंगालने विरोध केला आणि तो अडकला तो अडकलाच. २०२१ मध्ये बीएसएफची झडती-अटकेची हद्द पंजाब, बंगाल, आसामात सीमेपासून आत १५ वरून ५० किलोमीटर केली तेव्हा पंजाब आणि बंगाल दोघांच्या विधानसभांनी विरोधात ठराव केले. म्यानमार सीमेवर १६ किलोमीटरपर्यंत मुक्त ये-जा होती, ती बंद करायची घोषणा केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, तर मिझोराम आणि नागालँड विधानसभांचा त्याला विरोध, कारण तिथे नातेवाईकच पलीकडे आहेत. नागालँडमधल्या लोंगवा गावात तर सीमारेषा अंघाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या घरातूनच जाते.

माझा आवडता भाग छिटमहालांचा. बांगलादेशात भारताचे १११ तुकडे आणि भारतात त्यांचे ५१, चारी बाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेले. १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि बांगलादेशचे तेव्हाचे पंतप्रधान मुजीब यांच्यात यांच्या अदलाबदलीचा करार झाला, अदलाबदल झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. एवढी वर्षं का लागली? बेरुबारी प्रकरणात (बंगालमधला एक भाग पाकिस्तानला द्यायचा प्रश्न) सुप्रीम कोर्टाने १९६० मध्येच सांगितलं होतं की भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागेल, आणि ती संमत करायला संसदेत दोन तृतीयांश बहुमत जमायला हवं, ते जमलं २०१५ च्या १०० व्या दुरुस्तीला. तोपर्यंत तिथल्या माणसांना ना मतदान, ना रेशन कार्ड, ना धड शाळा. सुरक्षा की माणुसकी असल्या टीव्हीछाप डिबेटमध्ये हे कुठेच बसत नाही.

वाचायला काय? संसदेची प्रश्नोत्तरं फुकट मिळतात, कंटाळवाणी आहेत पण सोनं आहे. छिटमहालांच्या या दुरुस्तीच्या विधेयकावरचा परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचा डिसेंबर २०१४ चा अहवाल नक्की वाचा. बांगलादेश सीमेवरचं कुंपण झिरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, साधारण १५० यार्ड आत असल्याने कितीतरी लोकांची शेतं पलीकडे राहिलीत, ठराविक वेळेला गेट उघडतं तेव्हाच जायचं, या एवढ्या गोष्टीवरसुद्धा एक अख्खं डेझर्टेशन होईल.

फील्डवर जाणार असाल तर कॉलेजचं पत्र घ्या, परवानगी आधी काढा, नागालँड-मिझोरामला इनर लाइन परमिट (बाहेरच्यांना राज्यात शिरायचा परवाना) लागतं. आणि पहिल्याच भेटीत कुणाला कागदपत्रांबद्दल विचारू नका हो, लोक गप्प होतात आणि त्यांचं बरोबरच असतं. मुलाखतीत खरी नावं लिहू नका.

नोकरीचं विचाराल तर थिंक टँक आहेत, खासदारांसोबत काम करायची लॅम्प फेलोशिप आहे, पैसा बेताचाच.

नवा विषय हवा असेल तर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार घ्या, ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यामुळे गाळ साचतो म्हणून बिहार तक्रार करतो, बंगालचं रडगाणं निराळं, म्हणजे ढाका बाजूलाच राहिला, आधी पाटणा आणि कोलकात्याचंच वाचून काढा.