जुन्या पिक्चर ट्यूबचा लूक आणताना या चुका टाळा

निपाणी, खानापूर, बेळगावकडची बरीच मंडळी हल्ली एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जुने गेम लावतात. त्यांच्याकडून होणाऱ्या निम्म्या चुकांचं मूळ एकच: आपल्याला नेमका कोणता पडदा हवाय हे न ठरवताच शेडर (चित्राला जुन्या पडद्याचं रूप देणारा फिल्टर) चढवायचा. घरातला डबा टीव्ही वेगळा, कॉम्प्युटर क्लासातला व्हीजीए मॉनिटर वेगळा.

डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवरच्या, गेमवर काळ्या आडव्या रेघा ओढलेल्या दिसल्या की मला फार खटकतं. व्हीजीएचा ३२०×२०० मोड प्रत्येक ओळ दोनदा काढायचा, म्हणजे मॉनिटरवर ४०० ओळी उमटायच्या. दोन ओळींमधली ती काळी फट तिथे जाणवायचीच नाही. डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स स्टेजिंग या एम्युलेटरमध्ये शेडर 'सीआरटी-ऑटो' ठेवा, गेमचा मोड बघून ते योग्य तेच निवडतं. आणि चंद्र किंवा गाडीचं चाक चपटं दिसत असेल तर शेडरला हात लावू नका. ही २०० ओळींची चित्रं ४:३ पडद्यावर ताणून दिसायची, त्यासाठी आस्पेक्ट करेक्शन (रुंदी-उंचीचं प्रमाण सुधारणारी सेटिंग) चालू हवं.

टीव्हीवरच्या गेमचं उलटं. तिथे रेघा हव्यातच, पण त्या सारख्या जाडीच्या हव्यात. आपल्याकडे सेकंडहँड लॅपटॉप अजून १३६६×७६८ चेच जास्त. २४० ओळींचं चित्र ७६८ मध्ये बसवायचं तर ३.२ पट होतं. मग एक रेघ जाड, दुसरी बारीक, आणि वर-खाली स्क्रोल झालं की पडद्यावर लाटा. इंटिजर स्केलिंग चालू करा, म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीतच मोठं होतं. चित्र ७२० ओळींचं होईल, वर-खाली काळी पट्टी राहील, ती राहू द्या. झेडएक्स स्पेक्ट्रम या टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरचे गेम खेळणारे इथे नशीबवान: बॉर्डर कापली की १९२ ओळी बरोबर चौपटीने ७६८ होतात.

स्पेक्ट्रमचं स्क्रोल अडखळतं म्हणूनही शेडर बदलत बसू नका. ते मशीन ५० हर्ट्झचं (सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारं), आपल्या दूरदर्शनसारखं, आणि लॅपटॉप ६० चा. डिस्प्ले ५० हर्ट्झ घेत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये तसं बदला.

शेडरमधला मास्क, म्हणजे काचेवरच्या रंगीत ठिपक्यांची जाळी, निवडताना एक काम जरूर करा. एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात चालू डबा टीव्ही असेल तर काचेला भिंग लावून बघा. बहुतेक टीव्हींत लाल, हिरव्या, निळ्या उभ्या गोळ्या वीटकामासारख्या एकाआड एक सरकवलेल्या दिसतील. हा स्लॉट मास्क. सोनीच्या ट्रिनिट्रॉन टीव्हीत मात्र सलग उभ्या पट्ट्या असतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सेटिंगमधली नावं आपोआप कळतात. बाहेरूनच बघा; मागचं झाकण उघडू नका, ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही ते टिकून राहू शकतात.

मास्क लावूनही सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम मशीनवरच्या सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यांचाच दिसतो? त्या पट्ट्या कॉम्पोझिट वायरीतून (टीव्हीला चित्र नेणाऱ्या एकाच वायरीतून) येताना एकमेकांत मिसळायच्या, तेव्हा पाणी पारदर्शक वाटायचं. त्यासाठी कॉम्पोझिटचा फिल्टर लागतो, आणि तो स्कॅनलाइनच्या, म्हणजे त्या काळ्या रेघांच्या, आधी लावायचा.

चित्र काळवंडलं तर आधी मास्कची तीव्रता कमी करा, मग लॅपटॉपचा ब्राइटनेस वाढवा. रेघा आणि मास्क दोन्ही उजेड खातातच. अनेक मशीनचे एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्कमध्ये प्रीसेट (शेडरची तयार फाइल) सापडतच नसेल तर व्हिडिओ ड्रायव्हर बघा: 'व्हल्कन' ड्रायव्हरला स्लँग प्रकारचे प्रीसेट लागतात, साध्या 'जीएल'ला जीएलएसएल प्रकारचे. जुन्या ग्राफिक्सवर 'सीआरटी-रॉयल' या जड शेडरचा हट्ट धरू नका, हलका 'झेडफास्ट' छान चालतो.

सगळं जमल्यावर स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो लहान होतो आणि रेघांच्या जागी नागमोडी लाटा दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि समोरच्याला पूर्ण आकारात उघडायला सांगा.