सी++ मध्ये कितीही आर्ग्युमेंट घेणारे लॉग फंक्शन लिहिताना

आर्ग्युमेंट किती आणि कोणत्या टाइपची येतील हे आधी ठाऊक नसेल, तर सी++ मध्ये प्रिंटएफ या सी भाषेतील छपाईच्या फंक्शनच्या वाटेने जाऊ नये. तेथे टाइपची माहिती फंक्शनच्या आत पोहोचतच नाही. 2011 च्या प्रमाणित आवृत्तीपासून त्यासाठी व्हेरिॲडिक टेम्प्लेट, म्हणजे कितीही टाइप घेणारा साचा, आहे. टेम्प्लेटच्या यादीत टाइपनेम या शब्दापुढे तीन टिंबे देऊन टाइपचा पॅक (गठ्ठा) जाहीर करावा आणि फंक्शनच्या यादीत तोच पॅक तीन टिंबांसह वापरावा.

पूर्वी पॅक उलगडण्यासाठी पहिले आर्ग्युमेंट बाजूला काढून उरलेल्यांसह तेच नाव पुन्हा बोलवावे लागे, आणि थांबण्यासाठी रिकाम्या यादीचे वेगळे फंक्शन लिहावे लागे. 2017 च्या आवृत्तीत फोल्ड एक्स्प्रेशन, म्हणजे एकच चिन्ह पॅकमधील सर्वांवर लावणारी रचना, आल्यावर ही कसरत बहुतेक ठिकाणी अनावश्यक झाली. मात्र टिंबे कोणत्या बाजूला आहेत हे नीट पाहावे: 'आकडे' या पॅकमध्ये 10, 3 आणि 2 दिले असता (... - आकडे) याचे उत्तर 5 येते, तर (आकडे - ...) याचे 9. बाहेरचा कंस सक्तीचा आहे. रिकामा पॅक फक्त &&, || आणि स्वल्पविराम यांनाच चालतो, म्हणून बेरीज (0 + ... + आकडे) अशी लिहावी.

लॉगसाठी 'मांड' हे एका आर्ग्युमेंटचे टेम्प्लेट लिहून स्वल्पविरामाच्या फोल्डने ते प्रत्येकावर चालवावे. क्रम डावीकडून उजवीकडे राहतो. 'मांड'च्या आत इफ कॉन्स्टएक्स्पर, म्हणजे कंपाइल होतानाच निकाल लागणारे इफ, वापरावे: टाइप अंकाचा असेल (हे इझ_अरिथमेटिक ही चाचणी सांगते) तर टू_स्ट्रिंगने त्याची स्ट्रिंग करून, नाहीतर मूल्य थेट, लॉगच्या ओळीच्या स्ट्रिंगला += ने जोडावे. साधे इफ येथे उपयोगाचे नाही, कारण त्यात दोन्ही ब्रँच कंपाइल व्हाव्या लागतात आणि स्ट्रिंगवर टू_स्ट्रिंग चालत नाही.

येथेच माझा अर्धा दिवस गेला. आर्ग्युमेंट दोन अँपरसँडच्या रेफरन्सने घेऊन पुढे फॉरवर्ड केले होते. 65 हा आकडा थेट दिला की लॉगमध्ये 65 दिसे, पण तोच इंट व्हेरिएबलमधून दिला की कॅपिटल ए हे अक्षर उमटे. व्हेरिएबल दिल्यावर टाइप 'इंटचा रेफरन्स' असा ठरतो, इझ_अरिथमेटिक त्याला अंक मानत नाही, आणि दुसऱ्या ब्रँचमध्ये स्ट्रिंगचे += तो इंट निमूटपणे कॅरॅक्टर म्हणून स्वीकारते. एरर नाही, काही नाही! म्हणून या चाचणीआधी टाइपवरून डीके_टी फिरवून रेफरन्स काढून टाकावा.

याहून बरे म्हणजे दुसऱ्या ब्रँचवरही स्ट्रिंगची अट घालावी आणि शेवटच्या एल्समध्ये स्टॅटिक_असर्ट, म्हणजे अट खोटी असेल तर कंपाइल होतानाच एरर देणारी तपासणी, ठेवावे. त्यात नुसते फॉल्स लिहिले, तर 2023 च्या आधीच्या नियमांनुसार ती ब्रँच वापरली न जाताही कंपाइलर अडून बसू शकतो; त्यासाठी टाइपवर अवलंबून असलेली अट, म्हणजे 'साइझऑफ टाइप == 0' अशी, लिहावी, जी कधीच खरी ठरत नाही.