बाद झालेली पोरं आणि माझा सोफा

मागच्या बर्थडेला संगीत खुर्ची ठेवली आणि फसले, पहिल्या दोन मिनिटांत बाद झालेली चार पोरं थेट सोफ्यावर चढून फुगे फोडायला लागली, एकाने तर भोकाडच पसरलं. म्हणून यंदा कुणाला बादच करायचं नाही असं ठरवलं. स्टिकरच्या पाकिटावर जुन्या पेपरचे बारा थर गुंडाळले, प्रत्येक थरात एक चॉकलेट, पोरं गोल बसवली, गाणं थांबलं की ज्याच्या हातात पार्सल त्याने एकच थर फाडायचा. गाणं मी चोरून बघूनच थांबवत होते, म्हणजे बाराही जणांचा नंबर लागला (चीटिंग आहे, असू दे). वीस मिनिटं एकही जण उठला नाही! फक्त सेलोटेप कमी लावा, आमच्याकडे पहिला थर दातांनी फाडावा लागला.