सागवानावर वॉटर-बेस्ड पीयूचा हात मारताना

वॉटर-बेस्ड पीयू म्हणजे पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेनचं लाकूड-पॉलिश. डबा उघडला की दुधासारखा द्रव दिसतो. हे पाण्यात विरघळलेलं पॉलियुरेथेन नव्हे. साधारण 30 ते 200 नॅनोमीटरचे त्याचे कण पाण्यात तरंगत असतात. कारखान्यात पॉलिऑल आणि आयसोसायनेट या, पॉलियुरेथेन ज्यांपासून बनतं त्या रसायनांच्या साखळीत डीएमपीए हे आम्ल गुंफतात, ट्रायइथिलअमाइन या अल्कलीने ते उदासीन करतात आणि जोरात ढवळत पाण्यात फोडतात. आम्लाच्या जागी ऋण विद्युत भार येतो, म्हणून कण एकमेकांना लांब ठेवतात. लाकडावर पाणी उडालं की तेच कण चेपून एकजीव होतात आणि पापुद्रा धरतो. काम बिघडतं ते बहुतेक दोनच कारणांनी: भार मोडतो, नाहीतर कण एकजीव होत नाहीत.

भार मोडतो जड पाण्याने. जत, आटपाडीकडे बोअरचं पाणी थेट डब्यात ओतू नका. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कण गोळा करतं आणि माल नासलेल्या दुधासारखा फाटतो. आरओचं पाणी घ्या, तेही 5 टक्क्यांपर्यंत. आधी वाटीभर मालात घालून काचेवर ओढून बघा. खडे दिसले तर ते पाणी नकोच.

लाकडात ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. 150, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा. त्यानंतर ओल्या फडक्याने पुसून दोन तास वाळू द्या. पाण्याने लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, उभ्या राहतात, त्या इथेच उभ्या करून 320 ने हलकेच कापायच्या. हे टाळलं तर पहिल्या हातानंतर पृष्ठभाग काट्यासारखा लागतो. स्टील वूल अजिबात नको: अडकलेला लोखंडाचा कण पाण्याने गंजतो आणि सागवानावर काळा ठिपका पडतो.

सागवानाचं तेल पीयूला धरू देत नाही. थिनरने पुसा, पूर्ण उडू द्या आणि लाखेचा एक पातळ हात द्या. साध्या चपड्यात, म्हणजे लाखेच्या पापड्यांत, मेण असतं, त्यावर पीयू सुटतं. द्रावण रात्रभर ठेवून वरचं नितळच वापरा. मिरजेच्या तंबोऱ्यावर मात्र पीयू नको. लाखेचं पॉलिश स्पिरिटने पुन्हा विरघळून जुळवता येतं, पीयू खरडूनच काढावं लागतं.

डबा हलवू नका, फेस होतो. काठीने सावकाश ढवळून गाळा. ब्रश नायलॉनचा, आधी पाण्यात भिजवून पिळलेला. रेषेच्या दिशेने एकदाच ओढा, सुकू लागलेल्या जागी परतू नका. एका हाताला लिटरमध्ये 10 चौरस मीटर धरा. 35 टक्के घन भागाच्या मालातून सुकल्यावर साधारण 30 मायक्रॉन मिळतात. टेबलाला तीन-चार हात हवेत.

सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारी काम करू नका. वरचा थर आधी सुकतो, ब्रशच्या रेघा आणि बुडबुडे आत अडकतात. सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून करा. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात उलट होतं: पाणी बाहेर पडत नाही, पापुद्रा पांढरट आणि मऊ राहतो. 10 अंशांखाली गेलेल्या थंडीत कण कडकच राहतात, मग पापुद्र्याला बारीक चिरा पडतात.

दोन-तीन तासांनी 320 ने घासून बघा. कागदावर कोरडी पांढरी पूड आली तर पुढचा हात मारा. गोळ्या होऊन चिकटलं तर थांबाच. खालचं पाणी अजून आत आहे.

जेवणाच्या टेबलाला पॉलिआयसोसायनेट हार्डनर, म्हणजे पापुद्रा कडक करणारं रसायन, घालावा. प्रमाण डब्यावरचं, बऱ्याचदा 3 ते 5 टक्के. ढवळत थेंबथेंब सोडा. डब्यावर दिलेल्या वेळेनंतर माल पातळच दिसतो, पण आतले कण कडक झालेले असतात. तो वापरला की पापुद्रा कच्चा राहतो. उरलेला माल झाकण घट्ट लावून ठेवू नका, कार्बन डायऑक्साइडने डबा फुगतो. हातमोजे घाला आणि हा माल स्प्रे करू नका. आयसोसायनेटचे तुषार छातीत गेले तर कायमचा दमा जडू शकतो.

हाताला अर्ध्या तासात कोरडं लागलं तरी गरम भांडं, ओलं फडकं किमान सात दिवस दूर ठेवा.

ब्रश लगेच साबणाने धुवा. ते पाणी गटारात, पर्यायाने कृष्णेत, सोडू नका. बादलीत थोडी तुरटी विरघळवा: तिने भार मोडतो आणि कण गोळा होतात. फडक्याने गाळून, वाळवून तो चोथा कचऱ्यात टाका.